विद्यापीठाच्या प्रांगणात रात्रभराची मैफल कशासाठी?

नवी दिल्ली : संस्थाने विलीन झाली आणि शास्त्रीय संगीताचा राजाश्रय संपला. कलावंतांना आकाशवाणी व संगीत महोत्सवांनी आधार दिला. मात्र नवा श्रोता कोठे घडणार, हा प्रश्न उरला. त्याचे एक उत्तर उच्चशिक्षण संस्थांच्या प्रांगणात सापडते.

दिल्लीच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील (आयआयटी) प्राध्यापक किरण सेठ यांनी १९७७ मध्ये ‘स्पिक मॅके’ ही चळवळ सुरू केली. न्यूयॉर्कमध्ये शिकत असताना ऐकलेले डागर घराण्याचे ध्रुपद ही त्यामागील प्रेरणा होती. येथे तिकीट नसते, आयोजन विद्यार्थीच करतात आणि अनेकदा कलावंत सादरीकरणासोबत रागाची उकलही करून दाखवतात.

चळवळीच्या अधिवेशनांतील रात्रभराच्या मैफलींचे महत्त्व वेगळे आहे. हिंदुस्थानी संगीतात रागांना प्रहर नेमून दिलेले आहेत. परंतु २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार खुल्या जागेत रात्री १० नंतर ध्वनिक्षेपकास सर्वसाधारणपणे मनाई असल्याने जाहीर मैफली लवकर आटोपतात. परिणामी उत्तररात्रीचा मालकंस किंवा पहाटेचा ललत त्याच्या वेळी क्वचितच कानी पडतो. बंदिस्त सभागृह आणि जागरणाची तयारी असलेले तरुण श्रोते या दोन्ही गोष्टी शिक्षणसंस्थेत एकत्र मिळतात.

एका मैफलीने कोणी जाणकार होत नाही. तथापि, समोर बसून ऐकणारेच उरले नाहीत, तर प्रहरांचे हे राग केवळ ध्वनिमुद्रणांत राहतील.