ज्ञानकोशातील तुटलेले आधार

कालिदासाच्या काव्यांवर टीका लिहिणाऱ्या मल्लिनाथाने आरंभीच अशी प्रतिज्ञा केली होती की, ज्याला मूळ आधार नाही असे काही आपण लिहिणार नाही. एका पंडिताने स्वतःस घालून घेतलेले हे बंधन आज अशा एका ग्रंथाच्या लेखकांना पाळावे लागते की, ज्याचे लेखक हजारो असून बहुधा एकमेकांस ओळखतही नाहीत. तो ग्रंथ म्हणजे विकिपीडिया हा मुक्त ज्ञानकोश. शाळेत एखादा निबंध वा प्रकल्प करावयाचा असला की आपल्यापैकी पुष्कळांची धाव प्रथम त्याच्याकडे असते. म्हणून त्यातील विधानांना आधार कसे दिलेले असतात, ते तुटतात कसे आणि पुन्हा जोडावयाचे कसे, ह्याची थोडी माहिती वाचकांस करून देण्याचे आम्ही योजिले आहे.

पूर्वीचे कोश हे थोड्या विद्वानांच्या परिश्रमाचे फळ असे. आपल्या सुरतेचे कवी नर्मद ह्यांनी गुजराती भाषेचा 'नर्मकोश' जवळजवळ एकहाती रचून १८७३ मध्ये पूर्ण केला. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी मराठीत ज्ञानकोशाचे २३ खंड सिद्ध केले. पुढे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी ह्यांच्या प्रमुख संपादकत्वाखाली मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. अशा ग्रंथांत संपादकाचे नाव हीच वाचकाला मोठी हमी असते. विकिपीडियाची गोष्ट निराळी आहे. तो १५ जानेवारी २००१ रोजी इंग्रजीत सुरू झाला आणि मराठी आवृत्तीचा आरंभ १ मे २००३ रोजी झाला. त्यात कोणालाही लिहिता येते व दुसऱ्याचे लिहिणे सुधारता येते. मग वाचकाने विश्वास कशावर ठेवावा? लेखकाच्या नावावर नव्हे, तर विधानापुढे दिलेल्या संदर्भावर. विधानाच्या शेवटी बारीक आकडा असतो. त्या आकड्यावरून लेखाच्या तळाशी गेले की ग्रंथाचे, वृत्तपत्राचे किंवा संकेतस्थळाचे नाव सापडते. तो संदर्भ म्हणजे त्या विधानाचा साक्षीदारच होय.

साक्षीदार हरवला तर काय होते, हे आपल्याच शहराच्या इतिहासावरून पाहू. शिवाजीमहाराज १६६४ च्या जानेवारीत प्रथम सुरतेवर चालून आले. त्या वेळी इंग्रजांच्या वखारीत असलेले धर्मोपदेशक जॉन लेस्कॅलियट ह्यांनी त्या दिवसांचा वृत्तान्त एका पत्रात लिहून ठेवला आहे. इंग्रजांच्या कागदांप्रमाणे महाराज शहरात आले तो दिवस ६ जानेवारीचा. परंतु इंग्रज १७५२ पर्यंत जुनी ज्युलियन कालगणना वापरीत, आणि ती नव्या ग्रेगोरियन गणनेच्या त्या काळी दहा दिवस मागे होती. नव्या गणनेने तोच दिवस १६ जानेवारी ठरतो. दोन्ही तारखा बरोबर आहेत. वार दोहोंचा एकच, बुधवार.

आता असे समजा की, एखाद्या लेखात १६ जानेवारी ही तारीख दिली आहे आणि तिचा संदर्भ ज्या पानाकडे बोट दाखवितो ते पान आता उघडत नाही. शाळेच्या पुस्तकात ६ जानेवारी वाचलेला कोणी सज्जन येतो व 'चूक' दुरुस्त करतो. काही दिवसांनी दुसरा सज्जन येऊन १६ तारीख परत घालतो. ह्यांपैकी खोटे कोणीच बोलत नाही. तरी वाद संपत नाही, कारण कोणत्या कालगणनेने ती तारीख दिली हे सांगणारा साक्षीदार जागेवर नाही. आधार तुटल्याने विधान खोटे ठरत नाही; ते तपासता येईनासे होते. आणि जे तपासता येत नाही त्याचा बचावही करता येत नाही.

असे आधार किती तुटत असतील? अमेरिकेतील प्यू संशोधन केंद्राने २०२४ मध्ये ह्याची पाहणी प्रसिद्ध केली. २०१३ साली इंटरनेटवर असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पाने दहा वर्षांनंतर उघडत नव्हती. इंग्रजी विकिपीडियाची जी पाने तपासली त्यांपैकी ५४ टक्के पानांच्या संदर्भयादीत निदान एक तरी दुवा नाहीशा झालेल्या पानाकडे जात होता. ह्याची कारणे साधी आहेत. सरकारी संकेतस्थळाची नवी मांडणी झाली की जुने पत्ते बदलतात. वृत्तपत्र बंद पडते किंवा जुन्या बातम्या काढून टाकते. कित्येकदा संकेतस्थळाचे नाव दुसराच कोणी विकत घेतो. मग दुवा उघडतो, पण आत इतिहासाऐवजी जाहिरात दिसते. हा प्रकार अधिक फसवा, कारण तो दुवा वरवर जिवंत वाटतो.

दुसरा प्रकार लेखाच्या आतच घडतो. एकच ग्रंथ लेखात पाच ठिकाणी आधारास घेतला असेल तर त्याचा तपशील एकदाच पुरा लिहून त्यास एक छोटे नाव देतात व इतर ठिकाणी ते नाव तेवढे लिहितात. पुढे कोणी तो पूर्ण तपशील असलेला परिच्छेदच काढून टाकला की उरलेले चार संदर्भ पोरके होतात आणि लेखाच्या तळाशी तांबड्या अक्षरांत चूक दिसू लागते.

सुरतेच्या मुलांना यंत्रमाग नवा नाही. चांगल्या मागावर ताण्याचा एक धागा तुटला तरी माग आपोआप थांबतो आणि कारागीर गाठ मारून तो पुन्हा चालू करतो. ज्ञानकोशाचा माग मात्र थांबत नाही. संदर्भ तुटला तरी लेख पहिल्यासारखाच सुबक दिसतो. म्हणून तुटलेला धागा शोधण्यास माणसाचा डोळा लागतो.

दुरुस्तीची रीत अशी. प्रथम विधान नीट वाचावे आणि संदर्भात काय काय शिल्लक आहे ते पाहावे: शीर्षक, लेखक, प्रकाशक, दिनांक. दुवा म्हणजे आधार नव्हे. ती आधाराकडे जाण्याची केवळ वाट आहे. वाट बुजली म्हणून गाव नाहीसे होत नाही. शीर्षकाने शोध घेतला असता तेच पान पुष्कळदा नव्या पत्त्यावर सापडते. तसे न झाल्यास जुन्या पानांच्या संग्रहात शोधावे. ब्रूस्टर काल ह्यांनी १९९६ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे इंटरनेट आर्काइव्ह ही संस्था स्थापन केली. ती इंटरनेटवरील पानांच्या प्रती जपून ठेवते आणि २००१ पासून 'वेबॅक मशीन' ह्या नावाने त्या सर्वांस पाहावयास मिळतात. जुना पत्ता तेथे घातला की ते पान कोणकोणत्या दिवशी टिपले गेले हे दिसते. संदर्भ देणाऱ्याने पान ज्या दिवशी पाहिले त्याच्या जवळची प्रत निवडावी. पुरा पत्ता मिळाला तर असे पुष्कळ दुवे आता संगणकाचा एक सांगकाम्याही जोडतो. २०१८ पर्यंत निरनिराळ्या भाषांतील विकिपीडियांचे ९० लाखांहून अधिक दुवे अशा रीतीने वाचविण्यात आले होते.

परंतु सांगकाम्याला वाचता येत नाही. सापडलेले पान खरोखरच त्या विधानास आधार देते काय, हे माणसानेच वाचून पाहावयाचे असते. ते पटले म्हणजे मूळ पत्ता तसाच ठेवून त्याच्याजवळ संग्रहातील प्रतीचा पत्ता व दिनांक लिहावा. पोरका झालेला संदर्भ असेल तर लेखाच्या 'इतिहास' ह्या भागात जावे. तेथे लेखाच्या सर्व जुन्या आवृत्त्या असतात व हरवलेला पूर्ण तपशील परत आणता येतो. काहीच सापडले नाही तर विधान घाईने पुसू नये. 'मृत दुवा' अशी खूण महिना व वर्ष घालून ठेवावी, म्हणजे पुढचा कोणी शोध चालू ठेवील. शेवटी केलेल्या बदलाचा एका ओळीत आढावा लिहावा.

एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावयास हवे. खरा साक्षीदार सापडत नाही म्हणून भलताच उभा करू नये. अनेक संकेतस्थळे विकिपीडियावरूनच मजकूर उतरवून घेतात. तोच मजकूर पुन्हा विकिपीडियास आधार म्हणून दाखविणे म्हणजे आपलाच प्रतिध्वनी ऐकून दुसऱ्याने दुजोरा दिला असे मानण्यासारखे आहे.

छापील आधाराचे मोल येथे कळून येते. भारताच्या डिजिटल ग्रंथालयाचे संकेतस्थळ २०१७ च्या सुमारास बंद झाले, तेव्हा जुन्या मराठी पुस्तकांकडे जाणारे कितीतरी दुवे एकदम निकामी झाले. तेथील लक्षावधी पुस्तकांच्या प्रती इंटरनेट आर्काइव्हमध्ये ठेवल्या गेल्या, हे सुदैव. ज्यांनी संदर्भात पुस्तकाचे नाव, वर्ष व पृष्ठांक लिहिला होता त्यांचे संदर्भ पुन्हा जोडणे सोपे झाले. ज्यांनी नुसता दुवा चिकटविला होता त्यांचे विधान निराधार राहिले.

सुरतेतील मराठी विद्यार्थ्यास ह्या कामी एक विशेष सोय आहे. घरी मराठी, बाजारात गुजराती, वर्गात हिंदी व इंग्रजी अशा चार भाषांशी त्याचा परिचय असतो. डिसेंबर १९०७ मध्ये येथे भरलेले व उधळले गेलेले काँग्रेसचे अधिवेशन घ्या. त्या वेळी लोकमान्यांचा 'केसरी' मराठीत निघत होता. १८६३ मध्ये सुरतेतच जन्मलेले 'गुजरातमित्र' गुजरातीत निघत होते. आणि प्रत्यक्ष हजर असलेले इंग्रज पत्रकार हेन्री नेव्हिन्सन ह्यांनी पुढच्याच वर्षी इंग्रजीत पुस्तक लिहिले. पुण्यातल्या वाचकास गुजराती साक्ष तपासणे कठीण, अहमदाबादच्या वाचकास मराठी साक्ष कठीण. लिंबायत वा उधना येथील मुलाला दोन्ही वाचता येतात.

विद्यार्थिमित्रांनो, एखादा संपूर्ण लेख लिहावयास विद्वत्ता लागते, पण एक तुटलेला संदर्भ जोडावयास चिकाटी आणि प्रामाणिकपणा पुरतो. घरातील वडीलधाऱ्यांना बरोबर घेऊन, आपले खरे नाव वा पत्ता न देता, महिन्यातून असा एक संदर्भ जरी जोडला तरी पुरे. वाचनालयात जावे, पुस्तक उघडावे, पृष्ठांक टिपून घ्यावा. पुढे केव्हातरी एखादा अनोळखी वाचक त्या आकड्यावर बोट ठेवील आणि त्याला हवे असलेले पान उघडेल.