आजीचा गुडघा

घरी फोन केला की आजी म्हणते ना, "वय झालं, दुखायचंच"? मेकॅनिकलवाल्यांनो, ऐकून सोडू नका! गुडघ्यातली कूर्चा म्हणजे बेअरिंगचं अस्तरच. तिला रक्तपुरवठा नाही, म्हणून झीज नीट भरून येत नाही. पण मांडीचे स्नायू बळकट केले की दुखणं कमी होतं. वजन १ किलो उतरलं, तर दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे ४ किलोंनी घटतो. (लिव्हर आठवा, व्हायव्हात विचारतात!) दुकानातून आणून रोज घेतलेली वेदनाशामक गोळी मात्र किडनीला महागात पडू शकते. आजी खरं तर ऑपरेशनला घाबरते. तिला सांगा, उपचार व्यायामापासून सुरू होतात. सुट्टीत स्वतः डॉक्टरांकडे घेऊन जा. गुडघा अचानक सुजून गरम झाला, ताप आला किंवा पाय टेकवेना, तर सुट्टीची वाट बघू नका, त्याच दिवशी न्यायला सांगा.