परसातली बकरी आणि ईदचा हिशेब

मागाला मंदी आली की भिवंडीचा कारागीर जोडधंदा शोधतो. आमच्या नात्यातल्या एका कुटुंबाने अंबाडीला, वाडा रस्त्याजवळच्या घराच्या परसात, प्रथमच दोन उस्मानाबादी बकऱ्या व सहा गावठी कोंबड्या आणल्या. जात चांगली, पुष्कळदा जुळी देते. पण ती कोरड्या मराठवाड्याची. इकडच्या पावसात ओल्या जमिनीवर खूर सडतात, पिल्ले दगावतात. म्हणून घरच्या बाईने आधी बांबूचा माचा बांधून घेतला. फटींतून लेंड्या खाली पडतात, बकरी कोरडी राहते. पावसाळ्यापूर्वी आंत्रविषाराची लस टोचली, कोंबड्यांना मानमोडीची दिली. मानमोडी शिरली तर खुराडे चार दिवसांत रिकामे!

आता तिजारतीची बाजू. कुर्बानीचा बकरा पुऱ्या वर्षाचा व बेऐब हवा. बकरी पाच महिने गाभण असते. म्हणजे ज्या ईदला विकायचे, तिच्या सुमारे सतरा महिने आधी ती फळली पाहिजे. शिवाय बकरीद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. 2025 साली ती 7 जूनला होती. दरवर्षी जूनच धरून चालणाऱ्याचा बकरा ऐन ईदला वर्षाला कमी भरेल.

कापडाचे ठाण गोदामात पडून राहते. हा माल रोज तीन-चार किलो हिरवा पाला मागतो. त्या घराने कुंपणालाच शेवरी व सुबाभूळ लावली आहे. मात्र सुबाभळीचा पाला एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक घालू नये, केस गळतात.