मामूंच्या मोटारीचे ब्रेक

माझ्या मामूंकडे एक जुनी मारुती ८०० आहे. ही मोटार भारतात १९८३ साली प्रथम विकली गेली आणि २०१४ साली तिचे उत्पादन थांबले. मामू तिला फार जपतात. मागच्या उन्हाळी सुट्टीत मी त्यांच्याकडे गेलो होतो. बाजारातून परत येताना एक लहान मुलगा अचानक रस्त्यात आला. मामूंनी जोरात ब्रेक दाबला. गाडी थांबली, पण सरळ थांबली नाही. डावीकडे ओढली जाऊन गटाराच्या काठाशी उभी राहिली. मुलगा वाचला. खाली उतरून मी पुढच्या डाव्या चाकाजवळ हात नेला. चाकातून धग येत होती आणि जळका वास सुटला होता. उजव्या चाकाला तशी धग नव्हती.

"ब्रेक अडकला आहे, बेटा. उद्या खोलून बघू," मामू म्हणाले. त्यांनी तरुणपणी बरीच वर्षे गॅरेजमध्ये काम केले आहे, म्हणूनच हे काम घरी करायचे ठरले. अनुभव नसलेल्याने ब्रेकला एकट्याने हात लावू नये.

या गाडीच्या पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक असतात. चाकाबरोबर एक लोखंडी चकती फिरते. तिला चिमट्यासारखा धरणारा भाग म्हणजे कॅलिपर. कॅलिपरच्या पोटात एक गोल दट्ट्या असतो. आपण पेडल दाबले की नळीतले ब्रेक ऑइल दट्ट्याला ढकलते आणि दोन्ही बाजूंचे पॅड चकतीला आवळतात. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हा ब्लेझ पास्कल (१६२३-१६६२) या फ्रेंच शास्त्रज्ञाचा नियम तुम्ही विज्ञानात शिकला असाल. पेडलकडच्या दट्ट्यापेक्षा कॅलिपरच्या दट्ट्याचे क्षेत्रफळ चौपट असेल, तर जोरही चौपट मिळतो.

पण पाय काढल्यावर दट्ट्या मागे कसा येतो? मला वाटले, आत स्प्रिंग असेल. मामू हसले. आत स्प्रिंग नसते! दट्ट्याभोवती चौकोनी कापाचे एक रबरी कडे असते. त्याला सील म्हणतात. दट्ट्या पुढे सरकताना सील किंचित पिळले जाते आणि दाब गेला की मूळ आकारात येता येता दट्ट्याला मागे ओढते. अगदी केसभर! तेवढे पुरते. सील कडक झाले किंवा दट्ट्यावर गंज चढला, तर दट्ट्या तिथेच अडकतो आणि पॅड चकतीला घासत राहतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सपाट जागी गाडी उभी करून मागच्या चाकांना दगड लावले. जॅकने गाडी उचलली, पण नुसत्या जॅकवर न ठेवता खाली लोखंडी घोडी दिली. जॅक सरकला तर गाडी अंगावर येते. चाक काढल्यावर आत काळी भुकटी दिसली. मी फुंकर मारणार, तोच मामूंनी थांबवले. जुन्या पॅडमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते. ते फुप्फुसात जाणे घातक असते. भुकटी ओल्या फडक्याने पुसली.

कॅलिपर सोडवला, पण नळी तशीच ठेवली. समोर लाकडाचा तुकडा धरून मी पेडल हळूहळू दाबले, तेव्हा दट्ट्या बाहेर आला. या वेळी तिथे बोट ठेवले तर ते चिरडलेच! नंतर नळी सोडवली. दट्ट्यावर गंजाचे खड्डे पडले होते. तो घासून वापरण्यात अर्थ नव्हता. नवा दट्ट्या आणि सीलचे किट आणले. जुने सील मामूंनी लाकडी काडीने काढले, कारण स्क्रू-ड्रायव्हरने खाचेला ओरखडा पडतो.

धुण्यासाठी मी पेट्रोल आणले. मामूंनी ते परत पाठवले. आपण 'ब्रेक ऑइल' म्हणतो खरे, पण ते खनिज तेल नसतेच. पेट्रोल, रॉकेल किंवा इंजिन ऑइल लागले तर हे रबर फुगते. नावाने किती घोटाळा होतो पाहा! ब्रेक ऑइल हवेतील पाणीही शोषते. डॉट ३ प्रकारचे नवे ऑइल निदान २०५ अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही, पण पाणी शिरल्यावर ते १४० अंशांच्या आसपासही उकळू शकते. वाफ दबते, म्हणून पेडल खाली जाते पण ब्रेक लागत नाही. आम्ही नवा सीलबंद डबाच आणला. नव्या सीलला तेच ऑइल लावून दट्ट्या हाताने आत बसवला. उजव्या चाकाचे कामही तसेच केले.

शेवटी हवा काढायची होती. मी पेडल दाबून धरायचे, मामूंनी निपल सैल करून ऑइल नळीने बाटलीत सोडायचे, निपल आवळल्यावरच मी पाय उचलायचा. तासभर खटपट करूनही पेडल मऊच! मी नव्या सीलला दोष देत होतो. खरे म्हणजे मीच पाय लवकर उचलत होतो, त्यामुळे हवा परत आत जात होती. मग मामू "आवळले!" असे ओरडू लागले, तेव्हा कुठे पेडल कडक झाले. बाटलीतले जुने ऑइल कोऱ्या चहासारखे काळपट होते.

संध्याकाळी मोकळ्या मैदानात हळू गाडी चालवून चार-पाच वेळा ब्रेक दाबून पाहिला. गाडी सरळ थांबली. मी उतरून दोन्ही चाकांजवळ हात नेला. दोन्ही सारखीच कोमट होती.