औद्योगिक जोखीम-व्यवस्थापन

कारखान्यातील संभाव्य धोके अपघात घडण्यापूर्वी हेरणे, त्यांपासून उद्‌भवणाऱ्या जोखमीचे मूल्यमापन करणे आणि ती दूर अथवा कमी करण्याचे उपाय योजणे, या प्रक्रियेस औद्योगिक जोखीम-व्यवस्थापन म्हणतात. सुरक्षाविषयक कायद्यांचे पालन हा तिचा आवश्यक भाग होय. परंतु कायदा किमान मर्यादा ठरवून देतो, प्रत्येक संयंत्रातील प्रत्येक धोका त्यात नमूद असू शकत नाही. म्हणून निरीक्षकाने दोष दाखविण्याची वाट न पाहता संस्थेने स्वतःच दोषांचा शोध घेत राहणे, हे या व्यवस्थापनाचे मुख्य तत्त्व आहे.

धोका व जोखीम यांत भेद केला जातो. हानी करण्याची अंगभूत क्षमता म्हणजे धोका, तर ती हानी घडण्याची शक्यता व तिची तीव्रता यांचा एकत्रित विचार म्हणजे जोखीम. उदा., क्लोरीन वायू मूलतः धोकादायक आहे. त्याची जोखीम मात्र साठ्याचे प्रमाण, टाक्यांची स्थिती, कामगारांचे प्रशिक्षण व वस्तीपासूनचे अंतर यांवर अवलंबून असते.

प्रारंभीच्या कारखानेविषयक कायद्यांचा भर यंत्रांना कुंपण घालण्यासारख्या तपशीलवार नियमांवर होता. नियमांच्या या पसाऱ्यामुळे सुरक्षा ही सरकारी निरीक्षकांचीच बाब आहे, असा समज दृढ होतो, असे ब्रिटनमधील रॉबेन्स समितीने १९७२ मध्ये दाखवून दिले. जोखीम निर्माण करणारे व तिच्या सान्निध्यात काम करणारे यांच्यावरच प्राथमिक जबाबदारी असावी, असे तिने सुचविले. त्यानुसार १९७४ मध्ये ब्रिटनमध्ये नवा कायदा झाला. त्याच वर्षी फ्लिक्सबरो येथील रासायनिक कारखान्यात स्फोट होऊन २८ जण मृत्युमुखी पडले. तात्पुरती जोडनळी पुरेशा अभियांत्रिकी तपासणीविना बसविली गेली होती. त्यामुळे संयंत्रातील कोणताही बदल, तो लहान वा तात्पुरता असला तरी, आधी तपासण्याची पद्धती रूढ होऊ लागली.

जोखीम कमी करण्याच्या उपायांना निश्चित क्रम आहे : धोकादायक पदार्थ वा प्रक्रिया वगळणे, तिच्याऐवजी सौम्य पर्याय वापरणे, अभियांत्रिकी नियंत्रण योजणे, कार्यपद्धती व प्रशिक्षण यांत सुधारणा करणे आणि अखेरीस मुखवटे, हातमोजे इ. वैयक्तिक साधने पुरविणे. थोडक्यात टळलेल्या अपघातांची नोंद व चिकित्साही महत्त्वाची असते. कारण त्यांतून कोणासही इजा न होता दोष उघड होतो.

भोपाळ येथील कीटकनाशकांच्या कारखान्यात २–३ डिसेंबर १९८४ च्या रात्री मेथिल आयसोसायनेटच्या टाकीत पाणी शिरून तीव्र विक्रिया झाली. सु. ४० टन विषारी वायू बाहेर पडून हजारो लोक मृत्युमुखी पडले. टाकी थंड ठेवणारी प्रशीतन यंत्रणा काही महिने बंद होती आणि निसटणारा वायू जाळणारा मनोरा नळीच्या दुरुस्तीमुळे तोडून ठेवलेला होता. मूळ कंपनीच्या तपासणी पथकाने १९८२ मध्येच अनेक उणिवा निदर्शनास आणल्या होत्या. दोष ज्ञात असणे व तो दूर झालेला असणे यांतील अंतर किती घातक ठरते, हे या दुर्घटनेने दाखविले.

त्यानंतर भारतीय कायद्याचा रोख प्रतिबंधाकडे वळला. दिल्लीतील ओलियम-गळतीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये असा निर्णय दिला, की धोकादायक उद्योगास सर्व काळजी घेतल्याचा बचाव करता येणार नाही. कारखाने अधिनियम, १९४८ मध्ये १९८७ साली झालेल्या दुरुस्तीने धोक्यांची माहिती कामगार, स्थानिक प्राधिकरण व परिसरातील जनता यांना देणे भोगवटादारावर बंधनकारक केले, तसेच आसन्न धोका निदर्शनास आणण्याचा हक्क कामगारांना दिला. १९८९ च्या नियमांनी घातक रसायनांचे मोठे साठे बाळगणाऱ्यांना सुरक्षा-अहवाल व आपत्कालीन योजना आवश्यक ठरविली. या अधिनियमासह १३ कायदे एकत्र करणारी संहिता संसदेने २०२० मध्ये संमत केली.

नोंदवह्या, परवाने व प्रमाणपत्रे पूर्ण असूनही कारखाना असुरक्षित असू शकतो. लेखी योजनेची वेळोवेळी रंगीत तालीम घेणे, सुरक्षा-यंत्रणा प्रत्यक्ष चालवून पाहणे आणि दोष सांगणाऱ्या कामगारास संरक्षण देणे, या तीन गोष्टींवर जोखीम-व्यवस्थापनाची परिणामकारकता मुख्यतः अवलंबून असते.