वय बेचाळीस? फौजेत अजून जागा आहे!

अग्निपथ योजना १४ जून २०२२ रोजी जाहीर झाली. वयाची अट होती साडेसतरा ते एकवीस, आणि त्या पहिल्या वर्षापुरती तेवीस. ऐरोलीच्या आयटी पार्कमधला तिशीतला इंजिनिअर, वाशीच्या एपीएमसीतला व्यापारी, नेरुळच्या कॉलेजातली प्राध्यापिका, सगळ्यांना एकच उत्तर मिळालं: वयात बसत नाही. बऱ्याच जणांनी तिथंच विषय सोडून दिला. तो सोडायची गरज नव्हती. भारतीय लष्कराचाच भाग असलेल्या प्रादेशिक सेनेत, म्हणजे टेरिटोरियल आर्मीत, वयाची अट १८ ते ४२ आहे. फौजेतली माणसं तिला नुसतं ‘टीए’ म्हणतात. नवी मुंबईतल्या चाळिशीकडे झुकलेल्या वाचकांसाठी या वाटेवरच्या काही भन्नाट गोष्टी.

नोकरी सोडली तर बाद!

सगळ्यात मोठं आश्चर्य हेच. टीएत अधिकारी व्हायचं तर तुम्ही पदवीधर हवेच, शिवाय कमावते हवे. सरकारी नोकरी चालते, खासगी चालते, स्वतःचा धंदा असला तरी चालतो. उत्पन्नाचा पुरावा मात्र लागतो. म्हणजे महापेतल्या कंपनीतला मॅनेजर आणि तुर्भ्यात वर्कशॉप चालवणारा उद्योजक एकाच रांगेत उभे राहू शकतात. स्वप्नासाठी राजीनामा देण्याचा सल्ला देणारा मित्र इथं तुमचं नुकसान करील.

कोण चालत नाही? सैन्य, नौदल, हवाई दल, पोलीस आणि निमलष्करी दलात आधीच नोकरीला असलेले. त्यामुळे जेएनपीए बंदरावर पहारा देणाऱ्या सीआयएसएफच्या जवानाला हे दार बंद, आणि त्याच बंदरातल्या कस्टम एजंटाला उघडं.

मग नोकरी आणि वर्दी जमवायची कशी? पहिल्या वर्षी एक महिन्याचं मूलभूत प्रशिक्षण. दरवर्षी दोन महिन्यांचं शिबिर. पहिल्या दोन वर्षांत कधीतरी तीन महिन्यांचं कमिशननंतरचं प्रशिक्षण. सुरुवात लेफ्टनंट म्हणून होते. जितका काळ सेवेवर असाल तितका काळ नियमित अधिकाऱ्याइतकाच पगार मिळतो. लेफ्टनंट कर्नलपर्यंतची बढती सेवेच्या वर्षांवर होते आणि त्यापुढे कर्नल, ब्रिगेडियर ही पदं निवडीनं मिळतात.

राजाजींचा हात

टीएचा कायदा १९४८चा. तिचं औपचारिक उद्घाटन ९ ऑक्टोबर १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी ऊर्फ राजाजी यांच्या हस्ते झालं. ब्रीद आहे ‘सावधानी व शूरता’. १९६२, १९६५ आणि १९७१ या तिन्ही युद्धांत टीएच्या पलटणी होत्या. महाराष्ट्रात मराठा लाइट इन्फंट्रीशी जोडलेली १०९ बटालियन कोल्हापुरात आहे. छत्रपती संभाजीनगरात २०१७ साली उभी राहिलेली १३६ क्रमांकाची पर्यावरण बटालियन आहे. तिचं मुख्य काम झाडं लावणं आणि जगवणं. माजी सैनिकांच्या बळावर चालणारी ही पलटण मराठवाड्याच्या उघड्या डोंगरांवर घाम गाळते. सैन्य म्हटलं की आपल्याला फक्त बंदूक आठवते, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

पनवेल-उरणकरांची खास वाट

टीएत काही पलटणी चक्क सरकारी कंपन्यांच्या नावानं आहेत. युद्धात किंवा मोठ्या संकटात तेल आणि वायूचा पुरवठा थांबू नये, म्हणून त्याच क्षेत्रातल्या कर्मचाऱ्यांना वर्दी दिली जाते. ओएनजीसीची ८११ इंजिनिअर रेजिमेंट ही त्यातली एक. आता नकाशा पाहा. ओएनजीसीचा मोठा प्रकल्प उरणला आहे आणि तेल-वायू उत्पादन तंत्रज्ञानाची तिची संस्था पनवेलला. प्लान्टमधला तुमचा शेजारी एखाद्या महिन्यात गणवेशात दिसला तर दचकू नका.

याच ओएनजीसीच्या तुकडीतून शिल्पी गर्गमुख या केमिकल इंजिनिअर २०१६ साली टीएच्या पहिल्या महिला अधिकारी झाल्या. टीएच्या इतर तुकड्यांत महिलांना मज्जाव होता. दिल्ली उच्च न्यायालयानं २०१८ साली तो मोडीत काढला. २०२५च्या जाहिरातीत एकूण १९ जागा होत्या: पुरुषांसाठी १८ आणि महिलांसाठी एक. एकच जागा हे मला फार कमी वाटतं, आणि हा आकडा वाढायलाच हवा.

साठ शब्द, पंधरा-पंधरा सेकंद

निवडीचे टप्पे असे: लेखी परीक्षा, मुलाखत, एसएसबी (सर्व्हिसेस सिलेक्शन बोर्डाच्या चाचण्या), मेडिकल, पोलीस पडताळणी. लेखीत तर्कबुद्धी, प्राथमिक गणित, सामान्य ज्ञान आणि इंग्रजी हे विषय असतात. प्रत्येक भागात किमान ४० टक्के आणि एकूण ५० टक्के लागतात, आणि चुकलेल्या उत्तराचे गुण कापले जातात. पंधरा वर्षांपूर्वी सोडलेली शेकडेवारी आणि काळ-काम-वेग पुन्हा हाती घ्यावे लागतात. मुलांच्या आठवी ते दहावीच्या गणिताच्या पुस्तकांपासून सुरुवात करा. घरातच असतात.

खरी कसोटी पाच दिवसांच्या एसएसबीची. पहिल्याच दिवशी चाळणी होते, आणि जे गळतात ते त्याच दिवशी घरचा रस्ता धरतात. उरलेल्यांपुढे ६० शब्द येतात, एकेक फक्त १५ सेकंद. तेवढ्यात मनात आलेलं वाक्य लिहायचं. मग ६० प्रसंग आणि अर्धा तास. चित्रं बारा, प्रत्येकावर चार मिनिटांत गोष्ट, आणि बारावं चित्र कोरं असतं! त्यावर काय लिहायचं ते तुमचं तुम्ही ठरवायचं.

मैदानावर दहा अडथळे आणि तीन मिनिटं. प्रत्येक अडथळ्याला त्याच्या क्रमांकाइतके, एक ते दहा, गुण. सगळे पार केले तर ५५. आणि माझं ठाम मत असं, की पाच दिवसांपैकी मैदान सोडून बाकी सगळीकडे तिशी-चाळिशीचा माणूस फायद्यात असतो. ज्यानं ऑफिसात माणसं सांभाळली, कर्ज फेडलं, घरातलं आजारपण काढलं, त्याच्याकडे लिहायला आणि बोलायला खरे प्रसंग असतात. बाविशीच्या मुलाला ते कल्पनेतून आणावे लागतात.

बत्तीस दात, बावीस गुण

मेडिकलमध्ये दातांनाही गुण असतात! पुढचे दात आणि लहान दाढा यांना जोडीमागे एक गुण, मोठ्या दाढांना दोन. बत्तीसच्या बत्तीस शाबूत असतील तर २२ गुण होतात, आणि अधिकारी होण्यासाठी किमान १४ लागतात. जोडी म्हणजे वरचा दात आणि त्याच्या समोरचा खालचा. वरची दाढ काढली तर खालच्या धडधाकट दाढेचेही गुण जातात. चाळिशीत हा हिशेब महागात पडू शकतो, म्हणून अर्ज भरायच्या आधी दंतवैद्य गाठा. सपाट तळवे, एकमेकांना घासणारे गुडघे, पायांवरच्या फुगलेल्या शिरा आणि रंग ओळखण्यातला दोष यांवरही बारीक नजर असते. रक्तदाब आणि साखर तर तपासून घ्याच.

साडेब्याऐंशी सेकंदांची फेरी

अधिकारी नव्हे, टीएत जवान म्हणून जायचं असेल तर भरती मेळाव्यात १.६ किलोमीटरची धाव असते. पहिल्या गटात येण्यासाठी वेळ साडेपाच मिनिटं, त्याला ६० गुण. दहा बीम (पुल-अप) मारले की आणखी ४०. मग नऊ फुटी खड्डा आणि नागमोडी पट्टीवरचा तोल. ४०० मीटरच्या ट्रॅकवर हिशेब केला तर चार फेऱ्या, प्रत्येकी साडेब्याऐंशी सेकंद. ताशी साडेसतरा किलोमीटरचा वेग झाला हा! रोज संध्याकाळी फिरायला जाणाऱ्यांनी लगेच छाती फुगवू नये.

नवी मुंबईला मैदानांची वानवा नाही. सिडकोनं १९७०पासून आखलेल्या या शहरात सरावाला जागा आहेत, फक्त योग्य जागा योग्य कामासाठी वापरायची. नेरुळच्या ज्वेल ऑफ नवी मुंबईत तलावाभोवतीची सपाट वाट दमसासासाठी उत्तम. वाशीचं सागर विहार हलक्या दिवसासाठी. मांड्या आणि फुप्फुसं कमवायची असतील तर बेलापूरचा पारसिक हिल किंवा खारघरचा चढ. पाम बीच रोडवर मात्र धावू नका, तिथं गाड्या सुसाट असतात. पावसाळ्यात पांडवकडा धबधब्याच्या बाजूला सराव टाळाच, जीव महत्त्वाचा.

आणि एक कळकळीचं. विशीतला पोरगा गुडघा दुखला तर आठवड्यात उठतो. अडतिशीतल्याला कधी कधी महिने लागतात. आधी डॉक्टरांकडून हृदयाची तपासणी, मग दोन महिने नुसतं भरभर चालणं आणि हळू धावणं, वेगाचा सराव त्यानंतर. दोन कठीण दिवसांमध्ये एक दिवस विश्रांतीचा. सिमेंटच्या फुटपाथपेक्षा मातीचं मैदान बरं. घाईनं केलेला सराव हाच मोठ्या वयाच्या उमेदवाराचा सगळ्यात मोठा शत्रू आहे.

साताऱ्याच्या स्वातीताई

मोठ्या वयात वर्दी चढवण्याची महाराष्ट्रातली सगळ्यात थोर कथा स्वाती महाडिक यांची. साताऱ्याजवळच्या पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक ४१ राष्ट्रीय रायफल्सचे कमांडिंग ऑफिसर होते. १७ नोव्हेंबर २०१५ रोजी कुपवाड्यात दहशतवाद्यांशी लढताना त्यांना वीरमरण आलं. दोन लहान मुलांची आई असलेल्या स्वातीताईंनी सैन्यात जायचं ठरवलं. सैनिकांच्या वीरपत्नींना लेखी परीक्षेतून सूट असते, पण वयाची कमाल अट ३५. ती त्यांनी ओलांडली होती. लष्करप्रमुख जनरल दलबीर सिंग यांनी शिफारस केली, संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांनी सवलत दिली. सवलत फक्त वयाची होती. चेन्नईच्या प्रबोधिनीतलं जवळपास वर्षभराचं प्रशिक्षण त्यांनी आपल्याहून दहा-पंधरा वर्षांनी लहान मुलींबरोबर तितकंच कडक पूर्ण केलं. ९ सप्टेंबर २०१७ रोजी त्या लेफ्टनंट झाल्या, आयुध विभागात.

त्यांच्यामागून आपल्याच पट्ट्यातल्या दोघी गेल्या. विरारच्या गौरी महाडिक वकील आणि कंपनी सेक्रेटरी. पती मेजर प्रसाद महाडिक डिसेंबर २०१७मध्ये अरुणाचलात आगीत गेले. गौरीताई मार्च २०२०मध्ये अधिकारी झाल्या. मीरा रोडचे मेजर कौस्तुभ राणे ऑगस्ट २०१८मध्ये गुरेझला धारातीर्थी पडले, आणि कनिका राणे नोव्हेंबर २०२०मध्ये चेन्नईतून बाहेर पडल्या. सातारा, विरार, मीरा रोड. या तिघींसमोर ‘आता वय झालं’ म्हणायला जीभ रेटत नाही.

मानद, पण घाम खरा

मुरुड-जंजिऱ्याचे नाना पाटेकर. ‘प्रहार’ (१९९१) साठी त्यांनी लष्करासोबत प्रशिक्षण घेतलं, मानद कॅप्टन झाले, आणि १९९९च्या कारगिल काळात थेट आघाडीवर पोहोचले. तेव्हा वय ४८. कपिल देव ४९व्या वर्षी टीएचे मानद लेफ्टनंट कर्नल झाले. महेंद्रसिंग धोनीनं २०१९मध्ये, ३८व्या वर्षी, काश्मीरमध्ये टीएच्या पॅरा बटालियनसोबत पंधरवडा काढला. आणि आपला सचिन तेंडुलकर ३७व्या वर्षी हवाई दलाचा मानद ग्रुप कॅप्टन. मानद पदांशिवाय परीक्षा देऊन आलेलेही आहेत: सचिन पायलट २०१२मध्ये, अनुराग ठाकूर २०१६मध्ये.

आणखी दारं

सैनिकी परिचर्या सेवेत नर्सिंगच्या पदवीधरांना पस्तिशीपर्यंत संधी मिळते, पदव्युत्तर डॉक्टरांनाही साधारण तेवढीच. पलटणीत पंडित, मौलवी, ग्रंथी, पाद्री म्हणून धर्मशिक्षकांची भरती होते, त्यासाठी छत्तिशीपर्यंतचे उमेदवार घेतले गेले आहेत. शाळा-कॉलेजातल्या शिक्षकांना एनसीसी अधिकारी होता येतं, त्यांचं प्रशिक्षण नागपूरजवळ कामठीला चालतं. आणि बेचाळिशीही उलटली असेल तर महाराष्ट्र होमगार्ड! तिची सुरुवात मुंबईतच ६ डिसेंबर १९४६ रोजी झाली आणि भरतीचं वय २० ते ५०. होमगार्ड म्हणजे सैन्य नव्हे, पण गणपती आणि निवडणुकांच्या बंदोबस्तात त्यांच्यावाचून पोलिसांचं चालत नाही.

इतर देशही वयाची रेघ पुढे सरकवतात. अमेरिकेच्या लष्करानं २००६ साली ती ४२ केली होती, त्यांच्या हवाई दलानं २०२३मध्ये. ब्रिटनच्या १९४०च्या होमगार्डात ६५ वर्षांचे आजोबा होते. युक्रेननं २०२५मध्ये साठीपुढच्यांनाही करारावर घ्यायचा कायदा केला.

बोलावणं खरंच येतं

टीए म्हणजे वर्षातून दोन महिन्यांची हौस, असं समजून कुणी अर्ज भरू नये. ६ मे २०२५च्या अधिसूचनेनं सरकारनं लष्करप्रमुखांना टीएच्या प्रत्येक अधिकाऱ्याला आणि जवानाला बोलावण्याचा अधिकार दिला. ३२ पायदळ बटालियनपैकी १४ तैनात करण्याची त्यात तरतूद होती. बोलावणं आलं की लॅपटॉप बंद करून निघायचं. परतल्यावर नोकरी परत द्यावी लागेल, असं टीएचा कायदा मालकाला बांधून घालतो. तरी अर्जाआधी साहेबांशी आणि त्याहून आधी घरी बोला. महिनोन् महिने तुमच्यावाचून घर चालवणारा माणूस या निर्णयात बरोबरीचा भागीदार आहे.

तेव्हा वय ४१ असेल तर आजच पदवीचं प्रमाणपत्र, पॅन आणि नोकरीचा दाखला एका फाइलमध्ये लावा, दात तपासून घ्या आणि टीएच्या पुढच्या जाहिरातीवर डोळा ठेवा. बेचाळिशी ओलांडली की ती जाहिरात तुमच्यासाठी उरत नाही.