नदीतली गाडी, लंडनमधलं चित्र

लंडनच्या नॅशनल गॅलरीत जॉन कॉन्स्टेबलचं ‘द हे वेन’ (गवताची गाडी) हे तैलचित्र आहे. 1821 मध्ये पूर्ण झालेलं, सुमारे 130 सेंटिमीटर उंच आणि 185 सेंटिमीटर रुंद. उथळ पाण्यात तीन घोड्यांची रिकामी गाडी, डावीकडे कौलारू घर, काठावर कुत्रा, उजवीकडे दूर कुरणात गवत कापणारी माणसं आणि वर ढगांनी भरलेलं आभाळ. चित्रकार नदीकाठी बसला आणि समोरचं उतरवत गेला, असंच कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात भर उन्हाळ्यातलं हे दृश्य त्याने लंडनमध्ये, थंडीच्या महिन्यांत रंगवलं.

कॉन्स्टेबल 1776 मध्ये इंग्लंडच्या पूर्व भागात, सफोकमधल्या ईस्ट बर्गहोल्ट गावी जन्मला. स्टाउर नदीवरची फ्लॅटफर्डची पाणचक्की त्याच्या वडिलांच्या मालकीची. चित्रातली जागा या चक्कीजवळचीच, आणि घर विली लॉट नावाच्या शेतकऱ्याचं. नदीचा डावा काठ सफोकमध्ये, पलीकडचं कुरण एसेक्समध्ये. गाडी पाणी ओलांडून त्या कुरणाकडे, गवत भरायला निघाली आहे. ती पाण्यात असण्याचं आणखी एक कारण सांगतात: उन्हाळ्यात चाकाचं लाकूड सुकून आकसतं, लोखंडी धाव सैल होते, चाक भिजलं की लाकूड फुगून धाव पुन्हा घट्ट बसते. बैलगाडीची निसटू पाहणारी धाव ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे वेगळं समजावायला नको.

आता काम कसं झालं ते पाहू. विली लॉटच्या घराची लहान तैलरेखाटनं कॉन्स्टेबलने बरीच वर्षं आधी, तिथे जाऊन केली होती. ती त्याची शिदोरी. पण तळहाताएवढ्या रेखाटनावरून जवळजवळ दोन मीटर रुंदीच्या चित्रावर थेट उडी घेतली, तर झाडांचे काळोखे पुंजके आणि आभाळाचा उजेड यांचा तोल बिघडतो. म्हणून त्याने मधे एक खर्चिक पायरी घातली: पक्क्या चित्राएवढ्याच मोठ्या कॅनव्हासवर आधी एक कच्चं तैलचित्र केलं. तिथे तो तपशिलात शिरलाच नाही. उजेड कुठे आणि अंधार कुठे, एवढंच त्याने जाड, घाईच्या फटकाऱ्यांनी ठरवून घेतलं.

गाडीची अडचण वेगळी होती. लंडनच्या चित्रशाळेत सफोकची शेतगाडी कुठून आणणार? त्याने गावी भावाला, एब्रमला, कळवलं. एब्रमने जॉन डनथॉर्न नावाच्या गावातल्या तरुणाकडून गाडीची रेखाचित्रं काढवून घेतली आणि 1821 च्या फेब्रुवारीत पाठवली. मला या चित्रामागचा हा भाग सगळ्यात आवडतो. चाकाला चाक, फळीला फळी बरोबर हवी, ही त्याची ओढ त्यात दिसते. गाडी खोटी निघाली असती, तर गावात ती पहिल्या नजरेत पकडली गेली असती.

रंगांचं काम बारकाईने पाहण्यासारखं आहे. कॅनव्हासवर आधी तांबूस तपकिरी थर, त्यावर हिरवा. हा हिरवा एकसंध नाही. वेगवेगळ्या छटांचे तुकडे शेजारी शेजारी ठेवलेले, मधून खालचा तांबूसपणा डोकावतो. पानांवर आणि पाण्यावर पांढऱ्याचे बारीक ठिपके, त्यामुळे ओल चमकते. घोड्यांच्या साजावर मात्र लाल. छापील प्रतीत हा लाल बोटाने झाकून पाहा: भोवतालची हिरवळ लगेच मंदावते. लाल आणि हिरवा एकमेकांना उठाव देतात, म्हणून एवढ्याशा लालावर एवढं मोठं कुरण ताजं राहतं.

खोडाखोडही झाली. कच्च्या चित्रात पुढच्या काठावर घोडा आणि स्वार आहे. पक्क्या चित्रात त्या जागी पिंप आलं, आणि शेवटी तेही रंगाखाली गेलं. काठ मोकळा झाला, तशी नजर अडखळत नाही. कुत्र्यावरून थेट गाडीकडे जाते.

एक गोष्ट चित्रात नाही, तीही सांगायला हवी. नेपोलियनशी युद्ध संपल्यावर धान्याचे भाव पडले होते, शेतमजुरांचे हाल चालले होते, आणि 1822 मध्ये त्या भागात दंगे व जाळपोळ झाली. कॉन्स्टेबल चक्कीमालकाचा मुलगा; कुरणातली माणसं त्याने ठिपक्यांएवढी, सुखी अंतरावर ठेवली. त्याने आपल्या लहानपणाचं गाव रंगवलं, मजुरांचं नव्हे. मी चित्राला त्यासाठी खोटं म्हणणार नाही, पण हे अंतर लपवूही नये.

1821 मध्ये लंडनच्या रॉयल अकॅडमीच्या प्रदर्शनात हे चित्र ‘निसर्गदृश्य: दुपार’ अशा अर्थाच्या नावाने मांडलं गेलं आणि विकलं गेलं नाही. पुढे पॅरिसचा व्यापारी जॉन ॲरोस्मिथ याने ते आणखी दोन चित्रांसह 250 पौंडांना घेतलं. 1824 च्या ‘पॅरिस सलोन’ या चित्रप्रदर्शनात त्याचा बोलबाला झाला, फ्रान्सचा राजा दहावा चार्ल्स याने सुवर्णपदक दिलं. मायदेशी कॉन्स्टेबलला रॉयल अकॅडमीचं पूर्ण सदस्यत्व मिळायला मात्र 1829 उजाडलं. तेव्हा तो 52 वर्षांचा होता.

हेन्री व्हॉन या संग्राहकाने 1886 मध्ये पक्कं चित्र नॅशनल गॅलरीला दिलं. कच्चं चित्रही त्याच्याचकडे होतं. ते 1900 मध्ये त्याच्या मृत्युपत्रानुसार आजच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये गेलं. दोन्ही लंडनमध्येच. पाहायचं झालं तर आधी कच्चं पाहावं. क्रम उलटा केला, की कच्चं चित्र नुसतं अपुरं वाटतं आणि त्यातला जोर नजरेतून सुटतो.